आफ्रिकेला पाठवलेलं झुंबर

आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत कायम चाळीस-पन्नास हात वाळत घातलेले असत. दोह्यातल्या अल मन्सूरामधली ती तीन मजली इमारत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. रस्त्यावरून वर पाहिलं की बोटं खाली सोडून लटकलेले पिवळट पंजे दिसत आणि वारा सुटला की ते सगळे एकदम हलत. समोरच्या किराणा दुकानातल्या मलबाऱ्याने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "बहनजी, आपके घर में डॉक्टर है या कसाई?"

"मिशनरी," मी म्हटलं.

त्याने सगळं समजल्यासारखी मान हलवली. मला समजायला जास्त वेळ लागला.

हात म्हणजे ऑपरेशनचे रबरी हातमोजे. ते वाळत घालणारी बाई म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या स्टरलायझेशन विभागाची प्रमुख. सगळे तिला 'मिस' म्हणत आणि ती निघून गेली की 'मिशनबाई' म्हणत. मी मेडिकल रेकॉर्ड्समध्ये कारकून. दोघी वसईच्या, दोघी बिनलग्नाच्या, म्हणून हॉस्पिटलने आम्हाला एक फ्लॅट दिला. माझ्याआधी तिथल्या तीन मुलींनी अर्ज करून खोली बदलून घेतली होती, ही माहिती मला देण्याची गरज कोणाला वाटली नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. हॉस्पिटलात सगळं खोक्यांतून यायचं आणि एकदा वापरून फेकलं जायचं. डॉक्टरांना त्याचा अभिमान होता. मिसना ते पाहवत नसे. त्यांनी थेट प्रशासकीय अधिकाऱ्याकडे लेखी परवानगी मागितली की ऑपरेशन थिएटरमधून फेकलेले हातमोजे घरी नेऊ का. त्या सद्गृहस्थाने उत्तर दिलं, 'कचरा ही हॉस्पिटलची मालमत्ता नाही.' ते पत्र मिसनी फ्रेम करून स्वयंपाकघरात लावलं होतं, जिथे इतरांच्या घरी येशूच्या हृदयाची तसबीर असते. तसबीर होती, पण फ्रिजच्या वर, जरा बाजूला.

हातमोजे उकळून, साबणाने धुऊन, उलटे करून, सुलटे करून व्हायचे. मग मनगटाची बाजू दोन्ही हातांनी धरून हवेत गरकन फिरवायची, आत हवा कोंडायची आणि तो फुगलेला पंजा गालाजवळ न्यायचा. कुठे टाचणीएवढं भोक असलं तरी गालाला बारीक वारा लागतो.

"डोळ्यांनी काय बघतेस?" मिस मला म्हणत. "डोळे खोटं बोलतात. गालाला विचार."

भोक सापडलं तर फाटक्या हातमोज्याचं गोल ठिगळ कापायचं आणि सायकलवाल्याच्या सोल्युशनने चिकटवायचं. मग शंखजिऱ्याची पूड, मग मापाच्या आकड्यानुसार जोड्या, मग पलंगाखालची पत्र्याची ट्रंक. मी नोकरीसाठी आले होते, मिशनसाठी नव्हे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "तू सात नंबरपासून सुरू कर." महिनाभरात माझे सगळे काळे कपडे पुडीने पांढरे झाले.

हे सगळं जाणार होतं आफ्रिकेला. आफ्रिका म्हणजे टांगानिका. त्या देशाचं नाव बदलून टांझानिया झालं हे त्यांना कोणीही सांगितलं की त्या म्हणत, "मला विचारलं नव्हतं." तिथे त्यांनी चौदा वर्षं काढली होती. वसईतल्या एका मठाच्या चार धर्मभगिनी मुंबईहून बोटीने गेल्या, त्यांतल्या त्या एक. एका टेकडीवर गवती छपराचं हॉस्पिटल त्यांनी उभं केलं. केलं म्हणजे विटा पाडल्या. त्यांच्या अंगठ्याला जुनी खोच होती, ती दाखवून त्या विटांचं माप सांगत. कोणीही विचारलेलं नसताना.

त्यांचं दुसरं वेड स्वाहिली. अरबी त्यांना येत नव्हती आणि शिकायची इच्छाही नव्हती. स्वाहिलीत निम्मे शब्द अरबीच आहेत, तेव्हा समोरच्याने उरलेल्या निम्म्यांचा अंदाज करावा, असा त्यांचा हिशेब. टॅक्सीवाले अंदाज करत आणि भलतीकडे नेऊन सोडत. एकदा मात्र सूकमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, एका कापडवाल्या म्हाताऱ्याने त्यांना फर्ड्या स्वाहिलीत उत्तर दिलं. तो झांझिबारमध्ये वाढलेला ओमानी निघाला. दोघं दोन तास बोलत बसले आणि मी कापडाच्या गठ्ठ्यावर बसून तीन वेळा चहा प्यायले. निघताना मी विचारलं, "काय एवढं बोलत होतात?"

"आंबे," मिस म्हणाल्या. "तिथल्या आंब्याला धागा कमी असतो."

त्या म्हाताऱ्याने पुढे कित्येक वर्षं त्यांना कापडाची उरलीसुरली टोकं दिली. त्यांच्या पट्ट्या फाडून आम्ही बँडेज गुंडाळायचो. म्हणजे मी गुंडाळायची आणि त्या उलगडून परत गुंडाळायच्या.

आता एवढं आफ्रिकेचं वेड, तर बाई दोह्यात काय करत होती? ही गोष्ट वसईच्या प्रत्येक घरात वेगवेगळी सांगितली जायची. कुणाच्या मते एक फादर होता, कुणाच्या मते एक इंग्रज डॉक्टर. खरी गोष्ट इतकी साधी होती की कोणाला चघळायला मिळालं नसतं. चौदा वर्षांनी मठाने त्यांना परत बोलावलं, वसईच्या शाळेत मुलींना भरतकाम शिकवायला. त्यांनी उत्तर पाठवलं की सध्या हर्नियाचे पेशंट जास्त आहेत, जमणार नाही. मठाने आज्ञापालनाच्या व्रताची आठवण करून दिली. त्यांनी लिहिलं की व्रत आठवतंय, पण हर्निया थांबत नाही. तिसऱ्या पत्रात मठाने सांगितलं, एक तर या, नाहीतर झगा उतरवा. त्यांनी झगा उतरवला, धुतला, इस्त्री केला आणि पार्सलने परत पाठवला. मग त्यांच्या लक्षात आलं की तिथे राहण्याचा परवाना मठाच्या नावावर होता. महिनाभरात आफ्रिकाही गेली आणि पोटासाठी दोह्यातली ही नोकरी धरावी लागली. इतक्या हुशार बाईला ही एवढी गोष्ट आधी सुचली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. मी एकदा तसं म्हटलंही.

"सुचली होती," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह बिघडला होता. मी घाईत होते."

तेव्हापासून दर वर्षी पार्सलं जात. कधी बोटीवरच्या वसईकर खलाशाबरोबर, कधी आणखी कुणाबरोबर. पोहोचली की नाही, एकदाही कळलं नाही. टेकडीवरून चिठ्ठी नाही, मठाकडून तर नाहीच. त्या चौकशी करत नसत. फक्त पोस्टाची पेटी उघडायला स्वतः जात, मला जाऊ देत नसत.

आमच्या ख्रिस्ती लोकांची मिस्सा, म्हणजे आठवड्याची उपासना, शुक्रवारी असे, कारण सुट्टी शुक्रवारी. चर्चला तिथे परवानगी नव्हती. एका मोठ्या बंगल्यात पडदे ओढून, घंटा न वाजवता, गाणी हळू आवाजात. त्या गर्दीत मिस दाराजवळच्या खुर्चीवर बसत आणि त्यांच्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी असे. आपले लोक ख्रिस्तसभेने शिकवलेली क्षमा फार मानतात, फक्त तिच्या शेजारी बसत नाहीत. मी बसायची. मला सद्भावना वगैरे नव्हती. तिथे एसीचा वारा चांगला यायचा.

अशात बातमी आली की मठाच्या आफ्रिकेतल्या सेवेला पंचवीस वर्षं झाली. त्या ज्युबिलीसाठी मठाच्या प्रमुख, मदर जनरल, मुंबईहून टेकडीवर जाणार आणि वाटेत तीन दिवस दोह्यात थांबणार. दोह्यातल्या आमच्या वसईकर मंडळाचे अध्यक्ष एका कंपनीच्या गोदामाचे साहेब होते. मदिनत खलीफामध्ये कंपनीचा बंगला, चार खोल्या आणि अध्यक्षपण मावेल असा दिवाणखाना. त्यांनी ताबडतोब स्वागत समिती नेमली. समितीने ज्युबिलीची भेट ठरवली. झुंबर.

पितळेचं, बारा हातांचं, काचेचे लोलक लावलेलं. अध्यक्षांना ते बाजारात दिसलं आणि टेकडीवरच्या चॅपेलमध्ये ते कसं दिसेल हेही त्यांना लगेच दिसलं. समितीची बैठक भरली तेव्हा मिस न बोलावता गेल्या आणि मलाही ओढून नेलं.

"या मिस, बसा," अध्यक्ष म्हणाले. "चहा घ्या."

"चहा नंतर. ट्रंक कधी आणू?"

"कसली ट्रंक?"

"हातमोजे आणि बँडेज. आजवर कोणाकोणाच्या हाती पाठवलं, काही कळत नाही. या वेळी मदर स्वतः चाललीय. तिच्याबरोबर गेलं की पोहोचलं."

अध्यक्षांनी समितीकडे पाहिलं. समितीने बिस्किटांकडे पाहिलं.

"मिस," ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "ज्युबिली आहे हो. ज्युबिलीला वापरलेले हातमोजे देतात का?"

"मग नवीन द्या. मी नको म्हटलंय?"

"आम्ही झुंबर देतोय."

"तिथे वीज नाही. जनरेटर आहे, तो ऑपरेशन असेल तेव्हा दोन तास चालतो."

"अहो, कधीतरी येईलच की वीज."

"तोवर काय करतील? त्याला लोंबकळतील?"

कोपऱ्यातून कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. अध्यक्षांच्या पत्नीने मिसना चहा दिला आणि माझ्याकडे बघत, पण त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ज्यांनी मठात राहून सेवा केली त्यांची ज्युबिली आहे ना, बाय. सोडून आलेल्यांनी कशाला मधे पडायचं?"

मिसनी चहा प्यायला. कप विसळून ठेवला. मग न्हाणीघरातून वजनकाटा आणवण्यात आला. झुंबर खोक्यासकट चौदा किलो. मदरना वीस किलोची परवानगी आणि त्यांची स्वतःची बॅग सहा किलोची असेल असं पत्रात होतं. चौदा आणि सहा वीस. "बघा," अध्यक्ष म्हणाले, "ही देवाचीच योजना." देव इतकी सोपी बेरीज करत असेल असं मला तोवर वाटलं नव्हतं.

मदर आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, चष्मा लावलेल्या. बोटीने गेलेल्या त्या चौघींतल्या सगळ्यात लहान त्या होत्या, हे मिसनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. बोटीवर बारा दिवस त्यांना उलट्या होत होत्या आणि बादली मिसनी धरली होती, हेही.

शुक्रवारी मिस्सा झाली, मग समारंभ. अध्यक्षांच्या पत्नीने आफ्रिकेच्या आकाराचा केक केला होता, मादागास्करसाठी वेगळा कपकेक. मुलांनी मदरना विचारलं, "डू यू हॅव लायन्स?" आणि मदरनी मराठीत सांगितलं की सिंह आहेत, पण डास जास्त त्रास देतात. मग मदर बोलायला उभ्या राहिल्या. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही बोटीने निघालो, म्हणाल्या. एक भगिनी देवाघरी गेली, तिचं नाव घेतलं. दुसरी अजून टेकडीवर आहे, तिचंही नाव घेतलं. तिसरी मी, म्हणाल्या, आणि पाणी प्यायल्या. चौथीचं काहीच आलं नाही. खोलीतल्या प्रत्येकाला बेरीज येत होती. मोजून झाल्यावर सगळ्यांनी दाराजवळच्या खुर्चीकडे बघितलं आणि मग टाळ्या वाजवल्या.

मी शेजारीच होते. मिस केक खात होत्या. "तळं चुकलंय," त्या म्हणाल्या. "व्हिक्टोरिया तळं इतकं खाली नाही."

लोक मदरच्या पाया पडून निघाले तेव्हा मिस उठल्या आणि सरळ जाऊन समोर उभ्या राहिल्या.

"माझी ट्रंक नेशील?"

मदर जनरलना अरेतुरे करणारी बाई आमच्या समितीने आयुष्यात पाहिली नव्हती. मदरनी चष्मा काढून पुसला. "वजनाला जागा नाही गं," त्या म्हणाल्या. "या लोकांनी प्रेमाने दिलंय. नाही कसं म्हणू?"

मला वाटलं आता काहीतरी होईल. चार वर्षं त्यांच्याबरोबर राहून मला एवढं तरी कळत होतं. पण मिस म्हणाल्या, "बरं." आणि मग अध्यक्षांकडे वळून, "झुंबर काचेचं आहे. तुमच्या गोदामातली माणसं गवतात घालून पाठवतील आणि पोहोचेल चुरा. माझ्याकडे द्या. पॅक करून देते."

अध्यक्षांना इतका आनंद झाला की त्यांनी मिसना सगळ्यांसमोर 'मोठ्या मनाच्या' म्हटलं. त्यांच्याविषयी कुणी चारचौघांत चांगलं बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. गाडीत खोकं त्यांनी स्वतः ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. मिसनी मला घ्यायला लावली. सकाळी आठ वाजता झुंबर जमिनीवर पसरलं होतं आणि त्या एकेक लोलक कडीतून सोडवत होत्या.

"हातमोजे आण," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"काच आहे. मऊ काहीतरी लागेल ना?"

एका बोटात एक लोलक. एका पंजात पाच. मग तो पंजा दुमडायचा, त्याच्याभोवती पाच-सहा रिकामे पंजे गुंडाळायचे आणि त्यावर बँडेज. मिसनी खोक्यातलं गवत, पुठ्ठे, थर्मोकोल, सगळं काढून टाकलं. "हा कचरा आफ्रिकेला कशाला?" दुपारपर्यंत ट्रंक निम्मी झाली होती आणि खोकं काठोकाठ. पितळेचा सांगाडा मात्र जमिनीवरच होता.

"आणि हे?" मी विचारलं.

"ते जड आहे. मागाहून जाईल."

"कधी?"

"इन्शाल्ला."

आम्ही खोक्याचं वजन केलं. पंधरा भरलं. त्यांनी थोडा विचार केला आणि तीन मूठ लोलक बाहेर काढले. चौदा. सांगाडा त्यांनी गॅलरीत आकड्याला टांगला. त्याचे बारा हात होते, प्रत्येकावर चार पंजे वाळत. दोरीपेक्षा लवकर वाळायचे, कारण वारा चारी बाजूंनी लागे. अध्यक्ष आमच्याकडे कधी येत नसत, त्यामुळे हा उपयोग त्यांच्या पाहण्यात आला नाही.

मदरना सोडायला अध्यक्ष, मी आणि मिस विमानतळावर गेलो. मदरनी खोकं काट्यावर ठेवण्याआधी दोन्ही हातांनी उचललं, कानाशी नेलं आणि हलवलं. काहीच वाजलं नाही. त्यांनी मिसकडे पाहिलं.

"काच वाजत नाही."

"वाजायला नकोच," मिस म्हणाल्या. "तिथे पोहोचल्यावर थिएटरमध्ये नेऊन उघड. चॅपेलमध्ये नको."

अध्यक्षांनी मधेच विचारलं, "थिएटरमध्ये का?"

"तिथली फरशी स्वच्छ असते," मदर म्हणाल्या. मिसनी काही म्हणण्याआधीच. मग त्या आत गेल्या. मागे वळून पाहिलं नाही. दोघींपैकी कोणीच रडलं नाही. मला ते बरं वाटलं, कारण अध्यक्षांनी रुमाल बाहेर काढून ठेवला होता.

त्यानंतर पाच महिने काही नाही. मिस पोस्टाच्या पेटीकडे जात आणि परत येत. मी विचारत नसे. एकदा फक्त त्या जेवताना म्हणाल्या, "कस्टमने उघडलं असेल तर?" आणि मग ताटात मीठ कमी आहे म्हणाल्या. मीठ बरोबर होतं.

पत्र शेवटी आलं ते अध्यक्षांच्या पत्त्यावर. टेकडीवरच्या हॉस्पिटलमधून, तिथल्या प्रमुख भगिनीने इंग्रजीत लिहिलेलं. अध्यक्षांनी ते न वाचताच शुक्रवारी मिस्सेनंतर सगळ्यांसमोर उघडलं. वाचता वाचता मराठीत सांगायची त्यांना हौस होती.

"दोह्यातील प्रिय बंधुभगिनींनो, तुमच्या उदार भेटीबद्दल आम्ही ऋणी आहोत," त्यांनी सुरुवात केली आणि थांबून सगळ्यांकडे बघितलं. "ज्युबिलीला पुष्कळ भेटी आल्या. त्यांत सर्वांत उपयोगी तुमची." पुन्हा थांबले. "दोनशे जोड... हातमोजे..." आवाज खाली आला. "उत्तम स्थितीत मिळाले. बँडेजही. या वर्षीच्या पावसात आमच्याकडे दुसरं काहीच आलं नाही; हे नसतं, तर सिझेरियन थांबवावी लागली असती."

अध्यक्षांनी पाकिटावरचा पत्ता पुन्हा पाहिला.

"वाचा ना," मी म्हटलं.

"हातमोज्यांच्या बोटांमध्ये काचेचे लहान तुकडे सापडले," अध्यक्ष वाचू लागले, प्रत्येक शब्द वेगळा. "ते आम्ही सांभाळून ठेवले आहेत. त्यांचा वापर कसा करायचा, ते कृपया कळवावे."

मागे कोणाचा तरी चहा नाकात गेला. अध्यक्षांनी कागद खाली केला. त्यांचा चेहरा इतका लाल झाला होता की त्यांच्या पत्नीने एसी वाढवला.

"मिस, हे काय आहे?"

"पॅकिंग," मिस म्हणाल्या. "फुटलं का काही? नाही ना? पुढे वाचा."

"पुढे काय वाचायचं? समितीचा विश्वासघात..."

"पुढे वाचा," त्या पुन्हा म्हणाल्या. हात मांडीवर घट्ट धरलेले होते. त्यांचे हात असे रिकामे बसलेले मी क्वचितच पाहिले होते.

अध्यक्ष वाचेनात. मी उठले, त्यांच्या हातातून पत्र घेतलं आणि वाचलं. शेवटी दोनच ओळी होत्या. मदर जनरलच्या सूचनेनुसार यापुढची मागणी समितीपुढे न ठेवता पॅकिंग करणाऱ्या व्यक्तीला द्यावी. आणि पुढच्या खेपेला साडेसहा नंबर जास्त पाठवावेत, आहेत ते सगळे मोठे होतात.

"साडेसहा?" मिसनी विचारलं.

"साडेसहा."

"नीट बघ. साडेसात असेल."

"साडेसहाच आहे. खाली रेघ मारलीय."

त्या उभ्या राहिल्या. समिती आता झुंबराचा सांगाडा कुठे आहे यावर एकदम बोलायला लागली होती, कोणी मदरना पत्र लिहा म्हणत होतं, कोणी फादरना सांगा म्हणत होतं, आणि अध्यक्षांच्या पत्नी 'मी आधीच म्हटलं होतं' हे ज्याला त्याला सांगत होत्या. मिसचं तिकडे लक्ष नव्हतं.

"पुरुषाच्या हाताला साडेसहा बसत नाही," त्या मला म्हणाल्या. "बाई आलीय. तिथे बाई सर्जन आलीय." मग जरा थांबून, "आपल्याकडे साडेसहाचे किती आहेत?"

"अकरा जोड. त्यातले चार ठिगळाचे."

"मग चल."

शुक्रवार होता, सुट्टीचा दिवस, आणि स्वयंपाकघरातून चिकन पॅटिस नुकतेच बाहेर येत होते. अध्यक्ष अजून मिसना उद्देशून बोलत होते, पण मिसची खुर्ची रिकामी झाली होती. मी दोन पॅटिस कागदात गुंडाळले आणि त्यांच्यामागे जिना उतरले.